हैदराबादहून परत आलेले माझे दात

॥ ॐ नमः शिवाय ॥

नळदुर्ग, गुरुवार

तीर्थरूप इरम्माक्का, मुक्काम बेंबळी, यांच्या पायांवर धाकट्या चन्नम्माचं डोकं आणि शरणु शरणार्थ. आम्ही इकडं सगळे धडधाकट आहोत. आपला गुडघा काय म्हणतो, बंडप्पा भाऊजींची साखर उतरली का, म्हैस व्याली का, व्याली असल्यास रेडी झाली का रेडा, हे सविस्तर कळवावं. (एवढ्या ओळी मान देऊन लिहिल्या, कारण पत्र असंच सुरू करायचं म्हणून तूच मला तिसरीत असताना पट्टी घेऊन शिकवलंस. आता अगं-तुगंच करते. जीभ वळंना.)

तू म्हणशील, ही बया रोज दोनदा फोन करते, मग हिला पत्राचं काय खूळ लागलं? अक्का, माझा फोन सदा शिवप्रियाच्या हातात. तुझा फोन भाऊजी स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतात आणि सगळी गल्ली ऐकते. मला जे सांगायचंय ते तुझ्या गल्लीला कळलेलं एक वेळ चालंल, पण माझ्या पोरीला कळायला नको. म्हणून हा कागद. वाचून झाला की चुलीत घाल.

तर विषय दातांचा. आपल्या घराण्याचे पुढचे चार दात कसे आहेत ते तुला काय सांगू, तुझ्याही तोंडात तेच आहेत. अप्पांनी लेकरांना अगदी समान वाटून दिलेली ही एकच गोष्ट. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझी वेणी तू घातलीस, पाटीवर अक्षर तू गिरवून घेतलंस, आणि हसू आलं की तोंडावर हात न्यायचा हेही तूच शिकवलंस. तुझा दोष काढत नाही गं. तुला तर ते कुणी शिकवलंही नव्हतं, तू आपली आपण शिकलीस. मला पाहायला आले त्या दिवशी तू माझ्या गालात लिंबाएवढा खडीसाखरेचा खडा कोंबलास आणि म्हणालीस, पाहुणे उठेपर्यंत हा संपवायचा नाही. यांच्या आईनं नाव विचारलं, मी मान हलवली. स्वयंपाक येतो का, मान हलवली. शिक्षण किती झालं, तरी मान हलवली. त्या यांना म्हणाल्या, पोरगी लई मर्यादेची हाय. लग्नानंतर चौथ्या दिवशी यांचा पाय शेणाच्या पाटीत गेला आणि मी खदाखदा हसले, तेव्हा या माणसाला माझे दात पहिल्यांदा दिसले. नुसते बघत राहिले. वीस वर्षं झाली, तेव्हा काय वाटलं होतं हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

आता शिवप्रियाचं. पोरगी सोळा वर्षांची झाली, अकरावीला गेली. तिचं हसणं तुला ठाऊक आहे, ती हसली की पत्र्यावरची कबुतरं उडायची. पण दिवाळीपासून बघतेय, हसू आलं की तिचा हात तोंडावर जायलाय. कॉलेजच्या फोटोत सगळ्या पोरी खिदळायल्यात आणि आमची ओठ मिटून, कुणी मेल्यासारखी उभी. मी विचारलं तर म्हणाली, तू पण तशीच हसतीस की. अक्का, काळजात चर्र झालं. त्याच आठवड्यात तिला धाराशिवला दाताच्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईचं नाव राजनंदिनी. वय इतकं कमी दिसतं की मी तिलाच विचारलं, डॉक्टर कधी येणार? (तिनं राग मानला नाही, गुणाची आहे.) तिनं शिवप्रियाला खुर्चीत बसवलं, तोंडात आरसा घातला, आणि आमची पोरगी तोंड मिटून घेऊन मला म्हणते, तुझे एवढी वर्षं तसेच ऱ्हायले, तुझं काय अडलं? आधी तू सरळ करून घे, मग मी बघते. माझा राग तुला माहीत आहेच, डोक्यात गेला की मी काय बोलते ते मला नंतर लोक सांगतात. मी म्हणलं, व्हय, करते की, उठ त्या खुर्चीवरून. आणि बसले. तर हे नीट ध्यानात घे, मला स्वतःला कसलीही हौस नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी दात सरळ करून मी कुणाला दाखवणार? सगळं पोरीसाठी.

बाईनं दोन रस्ते सांगितले. पहिला तारांचा. दातादातावर एकेक टिकली चिकटवायची, त्यातून तार ओवायची, महिन्या-महिन्याला आवळून घ्यायची, असं दीड-दोन वर्षं. तोवर कडक आणि चिकट काही चावायचं नाही. दुसरा रस्ता अलायनर नावाचा. म्हणजे दातांच्या मापाचं पारदर्शक टोपण. लावलेलं कुणाला दिसत नाही, दर पंधरा दिवसांनी नवीन टोपण, आणि दात हळूहळू रांगेत येतात. फक्त दिवसातले बावीस तास तोंडात पाहिजे. खाताना, चहा पिताना काढायचं, दात घासायचे, परत घालायचं. आता तूच सांग, माझा धंदा कसला? हायवेला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकायचा. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर भाकरीचा तुकडा कुर्रकन चावून दाखवायचा, हीच माझी जाहिरात. कडक भाकरी विकणाऱ्या बाईनं कडक भाकरी चावायची नाही, म्हणजे झालंच की दुकान बंद! शिवाय तोंडभर टिकल्या चमकवत गल्ल्यावर बसायचं. मी म्हणलं, न दिसणारं द्या. (आकडा ऐकून हे दोनदा पाणी प्याले, पण नाही म्हणाले नाहीत.)

अक्का, ते टोपण चांगलं आहे, वाईट मी आहे. सकाळी चटणीचा पहिला घाणा निघाला की मीठ बघायचं, टोपण काढ. दुसऱ्यात लसूण बघायचा, टोपण काढ. तेवढ्यात शेजारीण चहा घेऊन येते. चहा नको म्हणलं तर माणूस तोंड पाडून जातो, म्हणून एकदा मी उपवास आहे म्हणलं, तर ती घरी जाऊन साबुदाण्याची खिचडी करून घेऊन आली. मग काय, टोपण काढ. हिशेबानं बावीस तास आत पाहिजे, माझं झोपेतलं धरून नऊ-दहा तास भरायचं. बाईनं टोपण ठेवायला डबी दिली होती, पण ती इतकी सुबक की मी तिच्यात लवंगा भरल्या आणि टोपण कागदी रुमालात गुंडाळून ठेवू लागले, कधी गल्ल्यावर, कधी पदराच्या गाठीत.

आणि तिथंच घात झाला. आमच्याकडं भाकरी थापायला कडूबाई आहे, बारा वर्षं झाली, सोन्यासारखी बाई. प्रत्येक पुड्यात आम्ही हात पुसायला एक कागदी रुमाल घालतो. त्या दिवशी हैदराबादची गाडी रस्त्यावर हॉर्न मारत उभी, गिऱ्हाईक खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायलंय, आणि कडूबाईनं गल्ल्यावरचा रुमाल उचलून पुड्यात घातला. माझ्या दातांसकट. मी दुपारभर सगळं दुकान पालथं घातलं, शेंगाची पोती झटकली, कडूबाईला तोंड उघडायला लावलं. (तिनं का घातलं असतं? पण माणूस घाबरलं की काय सुचतं?) संध्याकाळी पुड्यावरच्या नंबरवर फोन आला. एक म्हातारे मुसलमान गृहस्थ, अदबीनं बोलणारे. म्हणाले, अम्मा, तुमारी चटनी तो बहोत उम्दा है, मगर पुडे में किसीके दातां आए! मी म्हणलं, चाचा, वो खाओ नक्को, वो मेरे हैं. पलीकडं घरभर हसण्याचा आवाज. देवमाणूस गं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच गाडीच्या ड्रायव्हरबरोबर टोपण एका डबीत घालून पाठवलं, वर अर्धा किलो खारी बिस्किटं. बिस्किटं छान होती.

पण एवढं परगावाला जाऊन आलेली वस्तू मी तशीच तोंडात घालीन का? लेकरांचा वाटी-चमचा कसा उकळून घेतो आपण, तसं मी पातेल्यात पाणी ठेवलं, चांगलं खळखळलं आणि टोपण आत सोडलं. अय्यो शिवा! बघता बघता ते आकसलं, वळलं आणि कुरडईसारखं होऊन वर आलं. डॉक्टरीणबाईनं ते हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, काकू, हे काय आहे? मी सगळं खरं सांगून टाकलं. बिचारी हसू दाबून लाल झाली. मग म्हणाली, काकू, अलायनर तुमच्या दातांना चालतं, तुम्हाला चालणार नाही. ताराच लावू. त्या तुम्हाला काढता येणार नाहीत आणि विकताही येणार नाहीत.

तर येत्या मंगळवारी अकरा वाजता मला तारा लागणार. कडूबाई विचारायलीय, तोंडाला कुंपण घालून घेतलं की भाकरी चावून कोण दाखवणार? यावर हे म्हणाले, मी दाखवीन. आणि अक्का, खोटं सांगत नाही, हा माणूस गेले चार दिवस गल्ल्यावर बसून कुर्रकुर्र सराव करायलाय. पोट बिघडलंय, पण आवाज चांगला काढतात.

घरातल्या मोठ्यांना शरणु, लहानांना पापा, म्हशीला पेंडीचा एक घास जास्त.

तुझी धाकटी,
चन्नम्मा (दात अजून वाकडेच)

ता. क. – पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. मी एवढं सगळं करूनही पोरगी हो म्हणंना. परवा म्हणाली, थोरली मावशी म्हणते की झाकून हसलेलंच बाईमाणसाला शोभतं. तू कधी बोलून गेलीस ते तुला आठवणारही नाही, पण तिला तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझं ती ऐकत नाही, यांचं ऐकत नाही, तुझं ऐकंल. तेवढा एक फोन कर. म्हणावं, मी बोलले ते चुकलं. तुला चुकलं म्हणायची सवय नाही, मला माहीत आहे, पण पोरीसाठी म्हण.

आणखी एक ता. क. – फोन व्हिडिओचा कर. आणि करशील तेव्हा हात खाली ठेव, अक्का. काहीतरी हसण्यासारखं काढ, माझ्या टोपणाचंच काढ, आणि चांगली तोंड उघडून हस. आपण दोघी तिला काय सांगतो ते ती ऐकत नाही, आपला हात कुठं जातो ते बघते. मीही तुझाच हात बघत मोठी झाले. तुझं उघडं हसणं मी जन्मात कधी बघितलं नाही गं. एकदा बघू दे.

ता. क. (हे अक्षर शिवप्रियाचं) – थोरल्या मावशीला शरणु. आईनं हे पाकीट ट्यूशनला जाताना पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं. भाताच्या शितानं चिकटवलेलं, नीट चिकटलं नव्हतं. (चिकटलं होतं.) मावशी, मी तारा लावायला महिन्यापासून तयार आहे. डॉक्टर मॅडमकडं बुधवारची वेळ घेतलीय, पप्पांना सगळं माहीत आहे, फक्त आईला सांगितलेलं नाही. कारण मी हो म्हणले की ती म्हणणार, झालं, पोरीचं मार्गी लागलं, आता मला कशाला, आणि मंगळवार रद्द करून मोकळी होणार. सगळ्यांना सांगते पोरीसाठी करायलीय. पण ते अलायनर घातलं की ती भाकरीच्या डब्याच्या झाकणात बघून हसायची, हात न लावता. मी दोनदा बघितलंय. ते वाकडं झालं त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडत बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, चटणीचा ठसका लागला. त्या दिवशी आमच्याकडं चटणी कुटलीच नव्हती. म्हणून मंगळवारपर्यंत मी नाही-नाहीच म्हणणार आहे. तू फोन नक्की कर, मावशी, आई म्हणते तसाच कर. पण बुधवारी कर.