कर्ण्यावर माझं नाव

ताई,

पर्वणीच्या स्नानाला गेलो होतो, तेव्हा नदीवरच्या गर्दीत मी मुद्दाम मागे राहिले. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत ओल्या साडीनिशी तासभर बसले. कर्ण्यावरून माझं नाव पुकारत होते. तिथली राखणदारीण म्हणाली, "तुम्हीच का हो त्या?" मी नाही म्हटलं. तुझ्या गावाची बस समोरच उभी होती.

मग कर्ण्यावर माझी लेक रडत म्हणाली, "आई, ये ना गं, बाबा खूप चिडलेत."

मी गेले. ह्यांनी सगळ्यांदेखत मला जवळ घेतलं, म्हणाले, "देव पावला!" यात्रेकरूंचे डोळे पाणावले. माझं मनगट मात्र घर येईपर्यंत सुटलं नाही.

आता मला पोस्टापर्यंतही एकटीला जाऊ देत नाहीत. हे पत्र उशीच्या अभ्र्यातच राहील.

तुझी,
सापडलेली बहीण