हेडीचा फोन आला नाही

बुधवार, १८ ऑगस्ट १९७१

प्रिय व्हर्ना,

दोन मैलांवर राहणारी बाई पोस्टाने पत्र कशाला पाठवते, असं पुटपुटत तू हे फोडशील. तुझ्या नवऱ्याला, लॉइडला, दाखवण्याआधी एकदा एकटीने वाच. फोनवर सांगण्यासारखं हे नाही. आपल्या टेलिफोनच्या एका तारेवर सहा घरं, आणि चोरून ऐकताना मिसेस लिंडक्विस्टचं रिसीव्हर उचलून श्वास घेणं मी तेवीस वर्षांपासून ओळखते. चालत यावं तर ऑर्विलला एकटं सोडता येत नाही. आत्ता तो व्हरांड्यात बसून घेवड्याच्या शेंगा सोलतोय. दाणे आणि सालं एकाच भांड्यात टाकतोय. टाकू दे.

जूनमध्ये म्हाताऱ्या ओल्सनच्या मयतीचं जेवण आटोपून आपण दोघी चर्चच्या तळघरात भांडी घासत होतो, आठवतं? तू हळूच म्हणालीस, "हेडी, ऑर्विल बरा आहे ना गं? मयत कुणाची, हे त्याने मला दोनदा विचारलं." आणि मी फटकन म्हटलं, "पाठ धरलीय त्याची, गोळ्यांनी गुंगी येते. तू आपलं घर बघ." तू हात पुसलेस आणि निघून गेलीस. तेव्हापासून कॉफी किती पौंड आणि टेबलं कोण लावणार, यापलीकडे आपण बोललेलो नाही. व्हर्ना, त्याची पाठ ठणठणीत आहे. मी तुझ्याशी तोंडावर खोटं बोलले आणि वर तुलाच झिडकारलं.

त्याचं डोकं जात चाललंय. गेल्या वर्षी मार्चमध्ये शहरातल्या डॉक्टरने सांगितलं की यावर औषध नाही, हे वाढतच जाणार. अठ्ठावन्नाव्या वर्षी. मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. चर्चमध्ये त्याच्या कोपराला धरून उभी राहते आणि समोरून येणाऱ्याचं नाव आधीच कुजबुजते. यंदाची पेरणी मीच केली. त्याचा कोट, त्याची टोपी घालून ट्रॅक्टरवर बसायचे आणि तो माझ्या शेजारी फळीवर गुपचूप बसायचा. एकदा लॉइडने रस्त्यावरून हात केला, तर मी ऑर्विलसारखी दोनच बोटं वर केली. लॉइडला काही कळलं नाही. त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचा केवढा अभिमान वाटला होता. हसण्यासारखंच आहे ते, पण आता हसू काही येत नाही.

कापणी मात्र मला झेपेना. तो आता शेजारी बसून राहत नाही. काल सकाळी हार्वेस्टरच्या तोंडात काड अडकलं. यंत्र बंद करायला माझा हात खटक्यापर्यंत जातोय, तेवढ्यात हा उतरून पुढे गेला आणि चालू पात्यात हात घातला. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना बजावलं, आधी यंत्र बंद, मग हात, तोच. बाही गेली, हात राहिला. मी यंत्र बंद केलं, उतरले आणि जमिनीवर बसले. तो माझ्यासमोर टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाकडच्या? घरी वाट बघत असतील. मी सोडून येऊ का?" तेवीस वर्षं मला 'अगं हेडे' म्हणणारा माझा नवरा मला 'तुम्ही' म्हणत होता. मी म्हटलं, "हो, सोडा." आम्ही बांधाबांधाने घरी आलो. दारात त्याने निरोप घेतला आणि परत शेताकडे वळला. त्याला हाताला धरून आत आणताना माझा जीव मेटाकुटीला आला.

यंत्राची किल्ली मी लपवली आहे. तो दिवसभर ती शोधतो आणि मला चोर म्हणतो. बाहेर दोनशे चाळीस एकर गहू उभा आहे, इतका वाळलाय की हात लावला तर दाणे गळतात. रेडिओ म्हणतो, शनिवारी गारा. हा गहू गेला तर हिवाळ्याआधी शेत सोडावं लागेल, आणि शेत सुटलं की त्याला वेड्यांच्या सरकारी इस्पितळात ठेवतील. त्याला आता गोठा, विहीर आणि शेताकडची वाट, एवढंच जग ओळखू येतं. तिथे तो कुणाला घरी सोडायला निघेल? मला या विचाराने जेवण जात नाही.

तू म्हणशील, मग तोंड का शिवून घेतलं होतंस. सांगते. लग्न होऊन इथे आल्यावर मी पहिल्यांदा चर्चच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड आणलं होतं, माझ्या आईसारखं, गरम आणि व्हिनेगरमधलं. भांडं जसंच्या तसं परत आलं. कुणी वाईट बोललं नाही, फक्त कुणी चमचा लावला नाही. युद्धात तुमच्या घराघरातली माणसं गेली होती. तुझा भाऊ क्लिफर्ड तर आमच्याच मुलखात, जर्मनीत, मेला. आणि तरी तूच माझ्याजवळ येऊन म्हणालीस, "पुढच्या वेळी अंडी आणि मेयोनीज घाल, आणि भांड्याखाली नाव लिहू नकोस. कुणाचं ते कळलं नाही की संपेल." संपलं. त्या दिवशी मी शिकले की हात देत राहिले तर कुणी मला कुठून आलीस असं विचारणार नाही. रक्तदान, बाळंतपणं, मयतीची जेवणं, शाळेचं सूप, सगळीकडे मी. लोक मला आपली म्हणायला लागले. पण मागायला हात पुढे केला की मी पुन्हा ती जर्मन होईन, ही भीती काही गेली नाही. क्लिफर्डच्या बहिणीकडे मी कुठल्या तोंडाने मागणार?

आपल्याकडची रीत तुला मी काय सांगू. ज्याचं घर अडलं, तो मागत नाही. शेजारीण दोन फोन करते, ते दोघं चौघांना करतात, आणि सकाळी रस्त्यावर यंत्रांची रांग लागते. संध्याकाळपर्यंत शेत मोकळं. आभार मानायचे नसतात, फक्त जेवू घालायचं. गेल्या वीस वर्षांत तो पहिला फोन मीच करत आले, अकरा घरांसाठी. म्हणून सगळे आमचा उभा गहू बघून जातात आणि म्हणतात, हेडीचा फोन आला नाही, म्हणजे काही नड नसेल. स्वतःसाठी फोन करायचा कसा, हे मला येत नाही. काल तीनदा रिसीव्हर उचलला आणि खाली ठेवला.

तेव्हा व्हर्ना, तो फोन तू कर. हे पत्र उद्या दुपारी तुला मिळेल. शुक्रवारी माणसं आली तर गारांच्या आधी होईल. पाठीचं सांगू नकोस. ऑर्विलचं डोकं गेलंय, असंच सगळ्यांना सांग, लिंडक्विस्टबाईंनाही ऐकू दे. माणसांना म्हणावं, तो नाव विचारेल, दहादा विचारेल, दहादा सांगा. जेवणाचं माझ्याने होणार नाही, ते तुम्ही करा. जूनमध्ये मी तुला लागेल असं बोलले, त्याची माफी मागते. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी समजून घेईन, असं मी आत्ताच लिहिलं आणि खोडलं. मी नाही समजून घेणार. ये. तू स्वतः ये.

तुझीच,
हेडी