राइट आउट लालसू

१४ जानेवारी १९५७, सोमवार

आज मॅनेजरसाहेबांपुढे हट्ट धरला आणि लालसूला टीममध्ये घेतलं. तेही माझ्याच जागेवर! अकरा वर्षं कोलियरीच्या हॉकी टीमचा राइट आउट मी. आता उजवा गुडघा वळत नाही. कप्तानी माझ्याकडेच, पण मी एक जागा आत सरकणार. उजवी कड लालसूची.

साहेब हसले. "गुणवंतराव, हा तर तुमच्या खांद्यालाही लागत नाही!"

खरंच लागत नाही. लालसू उसेंडी, धानोऱ्याकडचा गोंड. खाणीत आधाराला लावायच्या बल्ल्या यार्डात तासतो. कामावर सहा महिन्यांच्या करारानं. ३१ मार्चला करार संपतो. पुढे ठेवतील की नाही, कोणी सांगत नाही.

पण दुपारच्या सुट्टीत यार्डामागे त्याला पाहिलं होतं — हातात बांबूच्या मुळाचा वाकडा दांडा, आणि चेंडू म्हणून वाळलेलं बेलफळ! ते कधी सरळ घरंगळत नाही. हा त्याला मांजराच्या पिलासारखं पायांभोवती खेळवत होता. तेव्हाच ठरवलं.

१६ जानेवारी

लालसूला बूट दिले. त्यानं परत आणून दिले. म्हणे, "पायाले जमीन लागली पाह्यजे भाऊ."

२३ जानेवारी

डोकं फिरलं आज! लालसूनं तिघांना चकवलं, चौथ्यालाही चकवलं, आणि चेंडू घेऊन सरळ रेषेच्या बाहेर! मधे आम्ही दोघं मोकळे उभे. मान खाली ती खालीच. एकदा नाही, पाच वेळा.

इतवारी आमचा सेंटर फॉरवर्ड. तोंडाचा फटकळ. ओरडला, "आमी का इथी तमाशा पाह्याले आलो का रे?"

सगळे गेल्यावर लालसू माझ्याजवळ आला. "भाऊ, मी कुठी चुकलो?"

मी म्हणालो, चेंडू तुझ्याकडे आहे हे तुला माहीत आहे ना? मग त्याच्याकडे काय पाहतोस? आमच्याकडे पाहा.

विचारात पडला. मग म्हणाला, "बेलफळाकडे नाई पाह्यलं तं ते पयते ना भाऊ."

हसू आलं. पण रागही होताच.

५ फेब्रुवारी

गेले दहा-बारा दिवस नवीनच धडा चालवलाय. लालसू चेंडू घेऊन कडेनं धावतो. मी गोलपुढे उभा राहून हात वर करतो. किती बोटं दाखवली ते त्यानं धावता धावता ओरडून सांगायचं. पहिले दोन दिवस चेंडूही जाई आणि बोटंही चुकत. आज एकदाही चुकला नाही! घाईत गोंडीत ओरडतो — "मूंद!" म्हणजे तीन. इतवारीसुद्धा आता "मूंद, मूंद" करत फिरतो.

आणि चकवणं? ते काही कमी झालं नाही. उलट आता कोणाला चकवायचं आणि कोणाला सोडून द्यायचं हे त्याला कळायला लागलंय. मला हे पंचविसाव्या वर्षी कळलं होतं.

परत येताना त्याच्या झोपडीवरून आलो. मंगली, त्याची बायको, पोरीला कडेवर घेऊन दारात उभी. करारावरच्या लोकांना क्वार्टर नाही. करार संपला की झोपडी मोडायची, नवा मिळाला की पुन्हा बांधायची. दोनदा मोडली, दोनदा बांधली. लालसूनं विचारलं, "कायम झालो तं क्वार्टर भेटते ना भाऊ?" भेटते म्हणालो. छातीवर हात ठेवून कशाच्या जोरावर म्हणालो, कोण जाणे.

६ फेब्रुवारी

गुडघा सुजला. मनकर्णा तेल चोळता चोळता म्हणाली, "आता पुरे करा ना." एवढी चांद्याची टूर्नामेंट होऊ दे, म्हणालो.

१७ फेब्रुवारी, रविवार

जिंकलो! जिंकलो! अकरा वर्षांत पहिल्यांदा!

चांद्याच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. फायनलला समोर नागपूरची टीम. सगळे धिप्पाड. लालसू उतरला तसे लोक हसले. अर्ध्या तासानं हसणारेच "ए लालसू!" करून ओरडत होते. त्यांचा लेफ्ट हाफ तर शेवटी चेंडू सोडून लालसूच्या पायांकडेच पाहत राहिला.

एक-एक बरोबरी. पाचेक मिनिटं राहिली असतील. लालसू कडेनं निघाला, दोघांना मागे टाकलं, गोलपुढच्या डीमध्ये आत वळला. समोर फक्त गोलकीपर! मारायचंच होतं. कोणीही मारलं असतं. त्यानं मान वर केली, मला पाहिलं, आणि चेंडू हळूच माझ्या काठीवर आणून ठेवला. गोल रिकामा. मी फक्त लावला.

नंतर विचारलं, तूच का नाही मारलास? म्हणाला, "तुमी मोकळे होते ना भाऊ."

नागपूरच्या रेल्वे टीमचे कोच बघायला आले होते. लालसूशी बोलत उभे दिसले. माझंही नाव-पत्ता लिहून घेतलं.

२५ फेब्रुवारी

रेल्वेच्या कोचांचं पत्र आलं. माझ्या नावानं, कप्तान म्हणून. त्यांना उजव्या कडेला माणूस हवाय. लालसूला २२ मार्चला चाचणीसाठी नागपूरला पाठवा. निवड झाली तर नोकरी कायम, राहायला जागा.

दोनदा वाचलं. टेबलाच्या खणात ठेवलं. उद्या सांगतो.

४ मार्च

सांगितलं नाही. मॅनेजरसाहेब फायनलनंतर खुशीत आहेत. "तुमच्या त्या लालसूचं बघू या," म्हणाले. इथेच कायम झाला तर नागपूर कशाला? तिथे त्याचं कोण आहे? आणि टीम! आता कुठे ती टीम झाली!

असं सगळं मनाला सांगून झालं. तरी आज मैदानावर त्याच्या डोळ्याला डोळा देववला नाही.

११ मार्च

साहेबांनी बोलावलं. लालसूला कायम करत नाहीत. आणखी सहा महिने, बस्स. "खेळतो छान हो! पण एवढासा माणूस कायम करून पुढे यार्डात काय करू त्याचं?"

मी भांडलो. तासायच्या कामात त्याचा हात कोणी धरत नाही म्हणालो. साहेबांनी दुसरी फाईल उघडली.

लालसूला सांगितलं. म्हणाला, "बरं हाय भाऊ. यंदा झोपडी नाई मोडा लागत."

पत्र माझ्या खिशात होतं. खिशातच घरी आलं.

१८ मार्च

राहवेना. सकाळी मनकर्णेला पत्र वाचून दाखवलं. ती चूल फुंकत होती. तशीच वळली. "किती दिस झाले?"

तीन आठवडे, म्हणालो.

"वरतं तुमचं नाव हाय म्हून ते तुमचं झालं काय? त्याचं हाय ते. आत्ता जा."

चहा न घेताच यार्डात गेलो. लालसू बल्लीवर वाकला होता. पत्र पुढे केलं. "कालच आलं," म्हणालो. होय, असं म्हणालो! त्याला वाचता येत नाही, तारीख कळणार नाही, एवढं तोंडात शब्द येईपर्यंत सुचलंही होतं.

सगळं वाचून दाखवलं. त्यानं एवढंच विचारलं, "जाऊ ना भाऊ?"

जा म्हणालो. टीमचं पाहू आम्ही. रजेचा अर्ज मीच लिहिला, सही मीच आणली.

२१ मार्च

सकाळच्या पॅसेंजरनं गेला. माझी चांगली काठी दिली. स्टेशनावर इतवारी रडला! मी रडलो नाही.

२९ मार्च

निवड झाली!! कोचांचं कार्ड आलं. एक एप्रिलपासून कामावर. कायम! लिहितात, "असा विंगर पुष्कळ वर्षांत पाहिला नाही. धावता धावता बोटं ओळखण्याची सवय कुठे लागली, विचारलं, तर आपलं नाव सांगतो."

इतवारीनं यार्डात पेढे वाटले. मीही खाल्ला. वेळेत दिलं पत्र. शेवटी वेळेत दिलं! कोणाचं काही बिघडलं नाही. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

३१ मार्च, रविवार

मंगली नागपूरला निघाली. मनकर्णेला भेटायला आली होती. पोरीला भात भरवता भरवता सहज बोलून गेली, "फायनलच्याच दिसी त्या रेल्वेच्या सायबानं याले सांगतलं होतं बाई, कप्तानाकडं पत्र धाडतो म्हून. मी रोज म्हणो, भाऊले इचार, इचार. हा म्हणे, भाऊले टीमची फिकर हाय. त्याईचं मन होईल तवा देतील. मी नाई मांगत."