उलटी गुंडाळलेली तार

आई,

बाबा गेल्यावर तू पहिल्यांदा ओव्हन लावलास आणि फ्यूज उडाला, तरी ओव्हन तुझ्या हातून बिघडलेला नाही. मेन स्विच बंद करून मी मागचं झाकण उघडलं. एक तार सैल होऊन जळली होती. बाबा डावखुरे, तार स्क्रूभोवती उलटी गुंडाळायचे. स्क्रू आवळला की ती बाहेर सरकायची. म्हणून तर दर दोन महिन्यांनी दुरुस्ती निघायची आणि तू म्हणायचीस, "लाडावून ठेवलाय तुम्ही त्याला."

जळकी तार बदलली, बाकीच्या सुलट गुंडाळल्या. चालवून पाहिला, नीट तापतो. त्यांच्या हातची एक तरी तशीच ठेवावी असं फार वाटलं. पण ओव्हन तू वापरणार आहेस.

कामावर निघाले. जेवून घे.