उपाशी ठेवलेल्या पेशी

३ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझ्या वहिनीच्या अंडाशयाच्या कर्करोगावर शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी उपाय सांगितला आहे: साखर, दूध, पीठ बंद केले की गाठीची रसद तुटते आणि ती मरते. मला पटले. संस्कृतच्या वर्गात राजनीती शिकवताना किल्ल्याला वेढा कसा घालायचा हे इतक्यांदा समजावले आहे, की म्हटले घरी एक घालून पाहू. वहिनी उकडलेल्या भाज्यांच्या पाण्यावर आहे, सोबतीला मीही. काल वर्गात भुकेने माझीच विभक्ती चुकली. मुलांचा आनंद पाहवत नव्हता. वहिनी म्हणते, पोट तुमचं उतरलं, गाठीचं कोण सांगणार?

तू तर प्रयोगशाळेत याच पेशी बशीत वाढवतेस. उपाशी ठेवल्यावर त्या किती लवकर मरतात, तेवढे कळव. तिला वाचून दाखवीन.

लोभ आहेच, जोडीला शास्त्राधारही धाडावा.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास सा. न.

पत्र वाचलं आणि जिन्यातच बसले. दादा, वेढा उठव. आजच. एवढा पंडित तू, आधी मला विचारायला काय झालं होतं?

आम्ही या पेशींना मुद्दाम उपाशी ठेवतो. बंद पेटीतला प्राणवायू जवळपास संपवतो, खाद्य काढून घेतो. पहिल्या खेपेला त्या तळापासून सुटलेल्या दिसल्या. मेल्या समजून मी ओतून टाकणार होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर एकमेकींना धरून, गोळे करून तरंगत होत्या. वाढ थांबवतात, स्वतःचेच जुने भाग मोडून खातात, माणसाच्या पोटात असल्या तर शेजारच्या चरबीकडून उसनं आणतात. केमोचं औषध मारतं ते वाढणाऱ्या पेशींना; या झोपून राहतात आणि अन्न मिळालं की उठतात. उपासाची सवय त्यांना आहे, वहिनीला नाही. तिचं वजन घटलं तर डॉक्टर पुढचा डोस लांबवतील, आणि तेवढी सवड त्यांना मिळेल.

त्यांना झोपेत कसं गाठायचं, हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. अजून सापडलेलं नाही.

पोस्टमास्तरांना नमस्कार सांग आणि दार लावून घे. माझ्यावरचा राग वहिनीच्या जेवणावर काढू नकोस.

तुझी धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

वेढा उठवला. तुझे पत्र लपवणार होतो, पण वहिनीने हातातून घेऊन वाचले. म्हणाली, या पेशी तुमच्याच घराण्यातल्या दिसतात, चिवट. एरवी मी हसलो असतो.

काल डॉक्टरीणबाईंनी तिला वजनकाट्यावर उभे केले आणि डोस पुढे ढकलला. आधी अंगावर थोडे मांस चढू दे, म्हणाल्या. मला रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

आता मी रोज ताट वाढून तिच्यापुढे बसतो. पोटात पाणी साठले आहे, त्यामुळे दोन घासांत तिचे पोट भरते. तिसरा पुढे केला की विचारते, हा माझा की त्या पेशींचा? मी वर्गातला आवाज काढून तुझाच म्हणतो. ती माझ्याकडे पाहत चघळत राहते, गिळत नाही.

तुला काही सापडले तर कळव. नाही सापडले तरी लोभ कळवत राहा.

तुझा दादा