सीटखालची बंदूक

मी, निरंजन भाऊराव रामटेके, वय सत्तावन्न, वाणिज्य पदवीधर, केंद्र सरकारच्या लेखा विभागातील अधिकारी, मूळचा भंडाऱ्याचा, हल्ली राहणार मानक नगर, लखनौ, माझ्या पश्चात मालमत्तेबाबत वाद होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पुढील महिन्यात माझी हृदयशस्त्रक्रिया आहे. डॉक्टर आशावादी आहेत. तथापि ही व्यवस्था त्यांच्या आशेवर सोडणे मला योग्य वाटत नाही. माझे चित्त स्थिर असून माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी लता हिला. घर ठेवायचे की विकायचे हे तिने ठरवावे. मुलाने सल्ला द्यावा, तोही विचारल्यास.

२. मोटार मुलगा आशुतोष यास. त्याला नोकरीसाठी वेळी-अवेळी अमौसी विमानतळावर जावे लागते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

३. दुर्बीण माझा धाकटा भाऊ विजय यास. ती पूर्वीपासून त्याच्याकडेच आहे. कोणी परत मागू नये.

४. वडील सुभेदार भाऊराव यांच्याकडून वारसाहक्काने माझ्याकडे आलेली दुनळी बंदूक. हिच्याबाबत सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

पंधरा वर्षांपूर्वी विजय, त्याची मुलगी रुचा व मी जीपने तराईतील एका राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. परवाना माझ्या नावाचा होता; बंदूक मात्र विजयने मला न विचारता सीटखाली ठेवली होती, हे मला वाटेत कळले. फाटकावर वनरक्षकाने हत्याराबद्दल विचारले. विजयने मान हलवून नकार दिला. मी सीटखाली बंदूक आहे म्हणून सांगितले. बंदूक चौकीत जमा झाली, मला पावती मिळाली आणि विजय मला म्हणाला, "दादा, तू घरातला की वनखात्यातला?"

आत गेल्यावर वळणावर वाघीण आडवी आली. सोबतच्या वनरक्षकाने इंजिन बंद करायला लावून स्वस्थ बसण्यास सांगितले. काही वेळाने ती गवतात निघून गेली.

तेव्हापासून दर चौदा एप्रिलला आमच्या पंगतीत हा वाद होतो. विजयचा प्रश्न ठरलेला असतो: "तिने उडी घेतली असती तर पावती दाखवली असतीस का?" माझे म्हणणे असे की, बंदूक हाताशी असती तर त्याने ती चालवली असती, आणि जखमी वाघिणीपुढे उघड्या जीपमध्ये आम्ही वाचलो नसतो. वनरक्षकाच्या हातात केवळ काठी होती, हा विजयचा मुद्दा खरा आहे, हेही येथे नोंदवतो. गेली दोन वर्षे विजय पंगतीस येत नाही. यंदा रुचा एकटी आली.

तिला मी प्रथमच विचारले, तुला त्या दिवसाचे काय आठवते? ती आता चोवीस वर्षांची आहे. मराठी समजते, बोलते हिंदीत. म्हणाली, "बड़े काका, बाघिन तो मुझे ठीक से याद भी नहीं। पापा का हाथ याद है। सीट के नीचे कुछ ढूँढ रहा था, काँप रहा था। तो मैंने पकड़ लिया।"

हे तिने वडिलांना कधी सांगितलेले नाही. मीही सांगितले नाही. हे वाचताना त्याला कळेल.

सबब ही बंदूक मी रुचा विजय रामटेके हिला देतो. तिच्या नावाचा परवाना होईपर्यंत ती नियमानुसार पोलीस ठाण्यात जमा असावी. पुढे तिने ठेवावी अथवा शासनाच्या स्वाधीन करावी. दोन्ही मला मान्य आहे. तिलाच का, असे विजय विचारील. त्या वेळी तो बंदुकीचा विचार करत होता आणि मी नियमाचा. हाताकडे लक्ष फक्त तिचे होते.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने व्हावा. विजय आल्याखेरीज सुरू करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व वाचून पाहिला असून पुढील दोघांसमक्ष सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

साक्षीदार:
१. सत्यजित वासनिक (सही)
२. नरेंद्र मेश्राम (सही)

निरंजन भाऊराव रामटेके (सही)
लखनौ, १२ नोव्हेंबर २०२५