काठावरचा मका

मयूरी पोरी,

बाबा गेल्याचं दुःख जरा हलकं व्हावं म्हणून तुनं मले आफ्रिकेत सफारीले पाठवलं, पण जीव काही थाऱ्यावर नाही.

आज सांजच्याले झांबेझी नदीत नाव थांबवून गाइडनं सगळ्याइले चूप बसवलं. एक पाणघोडा पाण्यातून निघून काठावरच्या मक्यात चालला होता. मक्यात मचाण होतं, मचाणावर एक म्हातारा डबा बडवत होता. डब्यानं जनावर हटेना, तसा तो काठी घेऊन शिडीवरून उतरू लागला. लोक फोटो काढून राह्यले होते. मले आपली गुडीहत्नूरची जवारी दिसली. तुहे बाबाबी असेच रानडुकरामागं मचाणावरून उतरले, ते परत चढलेच नाही.

मी उभी राह्यली अन् वावरात ठोकतो तशी आरोळी ठोकली, "हाऽऽ! हुर्र्या! हाऽऽ!" पाणघोडा दचकून पाण्यात घुसला. नाव हालली. "फोटो गेला ना, काकू!" म्हणून लोक चिडले. गाइडनं हात धरून मले खाली बसवलं.

हे पत्र मी धाडणार नाही. फोनवर तू इचारशीन, काय काय पाह्यलं? मी हत्ती सांगन, मगर सांगन. खरं म्हणजे मी एकच पाह्यलं, पोरी. त्या म्हाताऱ्यानं शिडीवरचा पाय परत वर घेतला.

तुही आई,
रेणुका